हायवेला जागा आहे, वाईला वाडा आहे. हॉटेल कोणत्या प्रकारचं काढू?

लिंब फाट्याजवळ महामार्गाला लागून पंचवीस गुंठे, वाईत आजोबांचा बंद पडलेला वाडा, पुण्यात नोकरी, थोडी शिल्लक आणि कर्ज काढायची तयारी. एवढ्या भांडवलावर तुम्ही विचारलंय की जगात हॉटेलांचे इतके प्रकार आहेत, कॅप्सूल, कंटेनर, ट्री हाऊस, बुटीक, बर्फाचं हॉटेलसुद्धा, तर साताऱ्यात यातलं काय चालेल? आणि महामार्गावर कॅप्सूल हॉटेल (एकावर एक रचलेल्या, एक माणूस झोपेल एवढ्या पेट्या) काढलं तर ते 'जिल्ह्यातलं पहिलं' म्हणून गाजेल का?

गाजेल की. उद्घाटनाला बातमी येईल, पोरं रील काढतील, पहिला महिना तुम्हाला फोन उचलायला वेळ मिळणार नाही. पण गाजणं वेगळं आणि फेब्रुवारीतल्या मंगळवारी खोली भरणं वेगळं. मी साताऱ्यात लॉजिंगच्या धंद्यात केस पांढरे केलेत. त्या मंगळवाराचा विचार करूनच हे लिहितोय.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. तुमच्या या दोन जागांच्या आसपास रात्री कोणाची पंचाईत होते आणि वर्षातल्या किती रात्री होते? याचं उत्तर मिळालं की प्रकार ठरल्यातच जमा आहे. जगात हॉटेलांचे जे प्रकार टिकले ते बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या पंचाइतीतून निघालेत. व्हिडिओत आपल्याला खोली दिसते, तो पाहुणा दिसत नाही.

सराई घ्या. इराण, तुर्कस्तानात सराया बांधल्या गेल्या त्या साधारण एका दिवसाच्या मजलेवर; आपल्याकडे शेरशहाच्या रस्त्यावर त्याहून जवळजवळ. मधे मोठा चौक, भोवती खोल्या, जनावरांना जागा आणि आत यायला एकच भक्कम दरवाजा, तो रात्री बंद. व्यापाऱ्याला गादीची नाही, मालाची काळजी होती. म्हणून त्या इमारतीत सगळ्यात जास्त डोकं दरवाज्यावर लावलेलं दिसतं. इराणमधल्या अशा ५४ सरायांना २०२३ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तुम्हाला गंमत वाटेल, पण आजही आमच्याकडे टेम्पो घेऊन येणारा माणूस आधी "गाडी आत लागेल का?" विचारतो, खोलीचं भाडं नंतर.

दुसरं टोक जपानचं. यामानाशी भागातलं निशियामा ओन्सेन केइउनकान हे सन ७०५ पासून चालू आहे. जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. एकाच घराण्याच्या बावन्न पिढ्यांनी ते चालवलं असं सांगतात. तेराशे वर्षं गिऱ्हाईक का येतंय? आतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. तिथे येणारा माणूस वाटेत रात्र झाली म्हणून थांबत नाही, त्याला तिथेच यायचं असतं. वाटेवरचं हॉटेल आणि मुक्कामाचं हॉटेल हा फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण तुमची एक जागा वाटेवर आहे आणि दुसरी मुक्कामाची.

धर्मशाळांचं फार लिहीत नाही. अशोकाच्या स्तंभलेखात वाटसरूंसाठी विश्रामस्थानं, विहिरी आणि वडाची झाडं आहेत; अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या; सज्जनगडावर आजही भक्तांची सोय होते. हा पाहुणा तुमचा नाही एवढं ओळखा. देवस्थानाच्या दराशी कुठलाही लॉजवाला स्पर्धा करू शकत नाही, आणि करूही नये.

आज आपण ज्याला हॉटेलची खोली म्हणतो ती मात्र फार जुनी नाही. अमेरिकेत जुन्या खानावळवजा मुक्कामाच्या जागी अनोळखी माणसाबरोबर एका पलंगावर झोपायची वेळ यायची. १८२९ साली बोस्टनला ट्रेमॉन्ट हाऊस उघडलं. स्वतंत्र खोली, दाराला कुलूप, फुकट साबण, इमारतीच्या आत नळाचं पाणी आणि तळमजल्यावर संडास. त्या वेळी हे एवढं अप्रूपाचं होतं की पुढे कित्येक वर्षं मोठी हॉटेलं त्याच्याकडे बघून बांधली गेली. पॅरिसचं रिट्झ १८९८ चं, आपलं मुंबईचं ताज १९०३ चं. ही श्रीमंतांची वाट झाली.

माझ्या मते सामान्य माणसासाठी खरं काम केलं ते एल्सवर्थ स्टॅटलरने. १९०८ साली त्याने बफेलोत हॉटेल काढलं आणि दीड डॉलरमध्ये खोली आणि त्या खोलीला स्वतःची न्हाणी अशी जाहिरात केली. गिऱ्हाईक होतं फिरता विक्रेता, म्हणजे आपल्याकडचा एमआर किंवा कंपनीचा सेल्समन. त्याला झुंबरं नकोत, सकाळी दाढी-आंघोळ उरकून आठला बाहेर पडायचंय. पण प्रत्येक खोलीला न्हाणी दीड डॉलरात परवडली कशी? स्टॅटलरने शेजारच्या दोन खोल्यांच्या न्हाण्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, आणि सगळे नळ, सांडपाण्याचे पाइप मधल्या एकाच उभ्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत नेले. पाइप कमी, गळती शोधायला सोपी, दुरुस्तीला खोली फोडायला नको. तुमच्या आर्किटेक्टला हे आधी सांगा. साताऱ्यात मी अशी नवीकोरी लॉजं पाहिलीत जिथे दर खोलीचा संडास वेगळ्याच कोपऱ्यात आहे आणि तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या छताला नकाशे उमटलेत.

आता मोटेल, म्हणजे गाडीवाल्यांसाठी रस्त्याकाठचं मुक्कामाचं हॉटेल, कारण तुमच्या मनात कॅप्सूल असलं तरी तुमची जागा दिसायला मोटेलची आहे. मोटार आली, माणूस स्वतः गाडी चालवत लांब जायला लागला, तेव्हा १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने पहिलं मोटेल बांधलं. जागा अशी निवडली की लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या साधारण मध्यावर गाडीवाल्याला अंधार व्हावा. पुढे केमन्स विल्सन नावाचा मेम्फिसचा बांधकाम व्यावसायिक १९५१ मध्ये बायकापोरांना घेऊन सहलीला गेला. वाटेतली मोटेलं दर पोरामागे जादा पैसे लावत होती, त्याने वैतागून पुढच्याच वर्षी हॉलिडे इन सुरू केलं. आईबापांबरोबरच्या मुलांना फुकट, आणि प्रत्येक ठिकाणी खोली सारखीच. गाडीत पेंगणारी मुलं घेऊन अनोळखी गावात रात्री शिरणाऱ्या माणसाला 'आत काय असेल' ही धास्ती असते. ती त्याने काढून टाकली. साखळी हॉटेलांचं सगळं गणित आजही तेवढंच आहे.

मग लिंब फाट्याला मोटेल का नको? अंतरामुळे. पुणे साताऱ्यापासून एकशे दहा किलोमीटरवर. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस तुमच्या दारात चहाच्या वेळेला येतो, झोपेच्या वेळेला नाही. कोल्हापूर, गोवा, बेळगावला जाणारा इथे मिसळ खातो, लघवीला जातो आणि निघतो. ट्रकवाला केबिनमध्ये झोपतो. मुक्कामाला थांबणारे अगदीच नसतात असं नाही, पण त्यांच्यावर बँकेचा हप्ता भागणार नाही.

कॅप्सूलचं उत्तर यातच आहे. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकाला उघडलं, रचना किशो कुरोकावा यांची. पाहुणा कोण, तर उशिरापर्यंत ऑफिसात किंवा साहेबांबरोबर पीत बसलेला, शेवटची लोकल चुकलेला एकटा पुरुष. जमीन सोन्याच्या भावाची, टॅक्सी महाग, घर लांब आणि सकाळी परत त्याच ऑफिसात हजेरी. एवढ्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा माणूस पेटीत झोपायला तयार झाला. आपल्याकडे मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे कॅप्सूलच, सुरू झालं, तिथे ते जागेवर आहे. लिंब फाट्याला शेवटची लोकल चुकत नाही. येतं ते कुटुंब, त्यात आजी असते, तिचे गुडघे दुखत असतात. तिला शिडी चढून वरच्या पेटीत सरपटायला सांगून बघा.

बर्फाच्या हॉटेलचं एकच सांगतो. स्वीडनमधल्या युकासयार्वीला नदीचा बर्फ कापून ते दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. पण शेजारी उबदार खोल्याही ठेवल्यात, कारण हौशी पाहुणा एक रात्र बर्फात काढतो आणि दुसऱ्या रात्री गादी मागतो. कासच्या फुलांवर भिस्त ठेवून हॉटेल काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फुलांचा खरा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यातही गर्दी शनिवार-रविवारी, आणि पठारावर आधी नोंदणी करून ठरावीक संख्येनेच सोडतात. उरलेले दहा महिने काय, याचं उत्तर तयार ठेवा.

मग साताऱ्यात झोपतं कोण? माझ्या रजिस्टरवरून सांगतो. सोमवार ते गुरुवार एमआयडीसीत आलेले इंजिनिअर, ऑडिटर, मशीन बसवायला आलेले मेकॅनिक, जिल्ह्याचं ठिकाण म्हणून कोर्टाच्या तारखेला आणि जिल्हा परिषदेत बिलाच्या मागे आलेली माणसं, फिरते विक्रेते. यांना पोवई नाका किंवा एसटी स्टँडच्या जवळ राहायचं असतं, तुमच्या फाट्यावर नाही. सैनिक स्कूलमध्ये मुलगा असलेले आईवडील येतात. लग्नाच्या तिथीला अख्खं लॉज जातं. हिल मॅरेथॉनच्या आदल्या रात्री तर गावात उशी मिळत नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत महाबळेश्वर-पाचगणी भरून वाहतं आणि ती गर्दी खाली वाईपर्यंत उतरते. वाईला आणखी एक पाहुणा आहे, तो बाहेरच्या माणसाला सुचत नाही: चित्रीकरणाची युनिटं. ती आली की हलत नाहीत, आठवडा-दोन आठवडे खोल्या अडवतात, भाव पाडून मागतात आणि चहा रात्री दोनला मागतात. तरी मला ते गिऱ्हाईक आवडतं.

म्हणजे मी म्हणतोय ते इतकंच: फाट्यावर पाहुणा भरपूर पण झोपणारा थोडा, आणि वाईला पाहुणा त्या मानाने कमी पण झोपणारा.

फाट्यावर एक पंचाईत मात्र रोज होते, आणि तिच्यावर फारसं कोणी हात घातलेला नाही. बंगळूर, हुबळी, हैदराबादहून रात्रभर गाडी चालवून लोक महाबळेश्वरला निघतात आणि पहाटे पाच-सहाला आपल्या भागात पोचतात. वरच्या हॉटेलात खोली मिळणार दुपारी. पोरं किरकिरतात, बायकांना स्वच्छ संडास हवा असतो, सगळ्यांना आंघोळ हवी असते. कॉनरॅड हिल्टन १९१९ मध्ये टेक्सासच्या सिस्को गावात बँक विकत घ्यायला गेला होता आणि तेलाच्या गर्दीत खचाखच भरलेलं मोब्ली हॉटेल घेऊन बसला. तिथे तेल कामगारांना खाट आठ-आठ तासांच्या पाळीने दिली जायची, म्हणजे एकच खाट दिवसातून तीनदा विकली जायची. पुढचं सगळं हिल्टनचं साम्राज्य त्या गावातून निघालं. तुमच्या फाट्यावर रात्र विकू नका, तास विका.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, तासावर खोली म्हटलं की गावाच्या भुवया वर जातात. खरं आहे, आणि आपल्याकडच्या काही लॉजांनी ते नाव कमावलंच आहे. म्हणून खाटा ठेवूच नका. चांगलं शाकाहारी उपाहारगृह, मागे भरपूर पार्किंग, आणि कुलूप-कडीच्या आठ-दहा प्रशस्त न्हाण्या: गरम पाणी, कोरडा ओटा, कपडे टांगायला खुंट्या, तान्ह्या मुलाला पुसायला-बदलायला जागा, वृद्धांसाठी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा. ड्रायव्हरसाठी मात्र चार खाटांची खोली फुकट ठेवा; रात्रभर जागलेला ड्रायव्हर दोन तास पडला तर मागचं कुटुंब दोनदा खातं. लिंबची बारा मोटेची विहीर जवळ आहे, त्याचा फलक लावा. तेवढ्यासाठी थांबणारेही निघतात.

वाईच्या वाड्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात. माझ्या लेखी तुमची खरी मालमत्ता तीच आहे. स्पेनच्या सरकारने १९२८ पासून पडके किल्ले, मठ, वाडे घेऊन त्यांची 'पारादोर' नावाची सरकारी हॉटेलं केली. इटलीत फ्रिउली भागात १९७६ साली भूकंप झाला, गावं ओस पडली. मग रिकाम्या घरांत एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी, स्वागतकक्ष एका घरात, न्याहारी दुसऱ्या घरात, असं अख्ख्या गावात पसरलेलं हॉटेल ही कल्पना तिथे निघाली. वाईच्या आळ्यांमधून फिरताना मला हे नेहमी आठवतं. घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, जवळ मेणवली आहे, वर पाचगणी अर्ध्या तासावर. तुमच्या वाड्यात पाच-सहा खोल्या निघाल्या आणि शेजारच्या दोन वाडेवाल्यांनी दोन-दोन दिल्या, तर स्वयंपाकघर, धुलाई आणि रिसेप्शन एकातच भागतं.

पण वाड्याला दोन ठिकाणी पैसा लागतो. एक ओल. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात खोलीला वास मारतो. चुन्याचं काम करणारा गवंडी शोधा, महाग पडला तरी. दुसरं न्हाणीघर. ओसरी, माळवद, सागवानी खांब यांना हात लावू नका. न्हाण्या परसाच्या बाजूला ओळीने, पाठीला पाठ लावून, स्टॅटलरच्या पद्धतीने. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चादरी वाळत नाहीत, तेव्हा ड्रायरचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर पाहुण्याला दमट चादर आणि तुम्हाला एक स्टार.

हिशेब एकदा कागदावर करा. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: एका खोलीला जेवढा खर्च, त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकं रोजचं भाडं मिळालं पाहिजे, आणि तेही सत्तर टक्के खोल्या भरल्या तर. समजा फाट्यावर तुम्ही बारा लाखांची एक अशा बारा खोल्या बांधल्या. भाडं १,२०० रुपये. निम्म्या रात्री भरल्या तर वर्षाला २,१९० खोल्या, म्हणजे २६ लाख २८ हजार. पगार, वीज, धुलाई, डागडुजी, ऑनलाइन साइटचं कमिशन (ते एकटंच पंधरा ते पंचवीस टक्के जातं) मिळून साठ टक्के खर्च धरा. उरले साधारण साडेदहा लाख. एक कोटी कर्जाचं दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच दहा लाख. मुद्दल कोण फेडणार? वाड्यात जमीन आणि सांगाडा तुमचाच, खोलीमागचा खर्च कमी, आणि चांगला केला तर भाडं जास्त. फाट्यावर उपाहारगृहाची उलाढाल खोल्यांवर अवलंबून नाही. दोन्हीकडे आकडे तुमच्या बाजूने झुकतात. माझे आकडे जसेच्या तसे धरू नका. बांधकामाचा दर, कर्जाचा दर, तुम्ही स्वतः तिथे बसणार की मॅनेजर ठेवणार, यावर सगळं बदलतं. मॅनेजर ठेवून पुण्यातून चालवायचं असेल तर माझं मत सरळ आहे: वाडा करू नका, तो मालकाशिवाय चालत नाही.

कागदपत्रांत फाट्याच्या जागेच्या बिगरशेती वापराचं (एनए) काय ते आणि महामार्ग प्राधिकरणाची प्रवेशवाटेची परवानगी हे दोन आधी बघा. रस्त्यालगत जमीन आहे म्हणजे रस्त्यावरून आत वळता येतं असं नसतं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे वर बांधायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के झालाय, पण सामानावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फर्निचर घेण्याआधी सीएला विचारा. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. अन्नपरवाना आणि अग्निशमनाचा दाखला लागतोच.

पुढचं काम तुमचं. एक शनिवार आणि एक मंगळवार पहाटे पाच ते आठ लिंब फाट्यावर खुर्ची टाकून बसा, परराज्यातल्या पासिंगच्या किती गाड्या थांबतात आणि माणसं उतरून काय शोधतात ते लिहून काढा. आणि वाड्याची मिळकत पत्रिका काढून घ्या. आजोबांनंतर त्यावर किती नावं चढलीत, आत्या-काकांची संमती आहे का, वाटणी तोंडी झाली की नोंदणीकृत, हे इथे कळवा. चुन्याच्या गवंड्याचा पत्ता त्यानंतर देतो.